दोन रुपये चौदा आणे

क्लबाच्या वहीत नुसतं आडनाव: मकोटे.
दोन पानं उलटली की माकोटी.
हुबळीच्या कानडी पेपरात तोच मकाटी.
मी आधी तिघे वेगळे धरले
आणि दोन गोल तिघांत कसे वाटायचे
यात एक अख्खा रविवार घालवला.

मग कॅम्पातल्या ट्रंकेत पगारपत्रक निघालं.
वाळवी कडेकडेनं खात तारखेपर्यंत पोचलेली,
साल तेवढं राहिलेलं: चौतीस.
पाच सामने, दर सामना रोख तीन रुपये.
खाली मोडीत सही, एका दमात, हात न उचलता.
खानापूरच्या हेर्लेकर मास्तरांनी ती लावून दिली: बाळाप्पा.
"अक्षर बघा की," म्हणाले,
"धागा तुटेल म्हणून भ्यालेल्या माणसाचं आहे."

पैसे घेऊन फुटबॉल खेळणारा
बेळगावचा पहिला की दुसरा, यावर वाद आहे.
असू दे.

वडगावात खड्डामागावर बसायचा.
हात उजेडात, पाय दिवसभर जमिनीच्या आत,
डावी पावडी, उजवी पावडी, डावी.
त्यातल्या डाव्याचा गिरणीवाल्यांनी भाव केला,
बाजारात बैल बघतात तसा, गुडघा दाबून.
घरात कुणी नको म्हणालं असेल.
त्याची नोंद कोण ठेवतो?

पहिला सामना पलटणीशी, अनवाणी.
सात हजार माणूस लोटलं होतं म्हणतात.
असं म्हणणारे आता दोघं उरलेत.
त्यातल्या एकानं मला दाखवलं
कडेच्या रेषेवरून चेंडू कसा आत गेला ते:
"धोटा, धोटाच ओ!"
म्हाताऱ्याचा हात हवेत सरकला
आणि बराच वेळ तिकडंच राहिला.
पुढच्या आठवड्यात रेल्वेवर दुसरा गोल.

तिसऱ्या सामन्याला बूट आले.
पगारी गडी अनवाणी पळतो, गिरणीची अब्रू जाते.
कोरं कातडं, तळाला खिळ्यांनी ठोकलेल्या चकत्या.
आत पाय होता,
पण त्याला चेंडू कळेना.
तिसरा: काही नाही.
चौथा: काही नाही.
पाचव्यात गोकाकला घसरून उताणा पडला
आणि लोक हसले.
(हसले हे वहीत नाही. दुसऱ्या म्हाताऱ्यानं सांगितलं,
आणि सांगताना तोही हसला.)

त्यानंतर जमाखर्च.
पाच त्रिक पंधरा.
वजा बूट, साडेअकरा रुपये.
वजा धुलाई, दहा आणे.
देय: दोन रुपये चौदा आणे. पावले.
जन्मभर बँकेत बेरजा केल्या मी,
ही तीनदा तपासली.
पैचीही चूक नाही,
आणि कुणावर चिडावं ते कळत नाही.

खासबागेत त्याची लेक भेटली, सुबक्का.
"गोल? आमच्या बानं?"
तिनं माझ्याकडं असं बघितलं
जसा मी घर चुकून आलो होतो.
बूट मात्र तिला पक्के ठाऊक.
पावसाळ्यात मागाच्या खड्ड्यात ओल धरायची,
विंचू निघायचे.
"बा बूट घालून मागावर बसायचा की ओ.
सत्तावीस वर्षं. तळ दोनदा बदलला.
डावा आधी गेला."

मी वही उघडून तिला आकडे वाचून दाखवले.
सामने, गोल, तीन-तीन रुपये,
सगळं ती पदर सावरत ऐकत होती,
दुसऱ्याच कुणाचं असावं तसं.
बुटांच्या रकमेला थांबवलं.
"किती म्हणालात?"
साडेअकरा.
"साडेअकरा!" ती म्हणाली,
"बा तर गल्लीभर सोळा सांगायचा."
आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली
की आतून सून बघायला आली.

तिघांचा मी आता एक केलाय.
खेळ सोडण्याचं कारण, हा रकाना रिकामा आहे.
बुटांच्या ओळीला समासात
पेन्सिलीनं बारीक लिहून ठेवलंय:
सोळा.